भाववाचक नामे आणि विशेषनामे

'आचारसंहिता' म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते. अमेरिकेतल्या विद्यापीठांत मात्र १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द टी-शर्टांच्या संदर्भात गाजला. तिथे विद्यापीठाचे बोधचिन्ह कपड्यांवर छापायचे तर कंपनीला परवाना घ्यावा लागतो आणि विद्यापीठाला त्याचे स्वामित्वधन मिळते. कपडे शिवणारे हात असतात दूरच्या, गरीब देशांत. १९९८ मध्ये ड्यूक विद्यापीठाने परवानाधारकांसाठी श्रमविषयक आचारसंहिता स्वीकारली. इतरांनीही तो कित्ता गिरवला.

या संहिता वाचायला गोमट्या असतात. त्यांत भाववाचक नामांची रेलचेल : स्वातंत्र्य, सन्मान, सुरक्षितता. पण निरीक्षकाला 'सन्माना'च्या दारावर थाप मारता येत नाही. म्हणूनच जानेवारी १९९९ मध्ये ड्यूकच्या विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिला, तो अधिक उदात्त शब्दांसाठी नव्हता. कारखान्यांची नावे आणि पत्ते जाहीर करा, एवढेच त्यांचे मागणे होते. कंपन्यांना ते व्यापारी गुपित वाटे. (गुपित कोणापासून, हा प्रश्न उरतोच.) माझ्या मते त्या साऱ्या चळवळीतले सर्वांत क्रांतिकारक कलम हेच, आणि ते सर्वांत रुक्षही आहे. विशेषनाम आल्यावरच संहितेला अर्थ प्राप्त झाला.

याचा पडताळा पुढे आला. कंपन्यांचा सहभाग नसलेली 'वर्कर राइट्स कन्सॉर्शियम' ही तपासणी संस्था २००० मध्ये उभी राहिली. जानेवारी २००९ मध्ये रसेल कंपनीने होंडुरासमधल्या चोलोमा येथील कारखाना बंद केला. कामगारांनी तिथे संघटना बांधली होती. या बंदीमागे संघटनेविषयीचा आकस होता, असे तपासणीत आढळले. सुमारे शंभर विद्यापीठांनी रसेलशी असलेले परवाने तोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीला नवा कारखाना उघडून सुमारे १,२०० कामगारांना परत घेण्याचे मान्य करावे लागले. 'संघटनेचे स्वातंत्र्य' हे शब्द संहितेत आधीपासून होतेच. त्यांना बळ दिले चोलोमाच्या पत्त्याने आणि परवाना रद्द करण्याच्या अधिकाराने.

वेतनाचे कलम मात्र अजून दुबळेच आहे. अनेक संहिता स्थानिक किमान वेतनापाशी थांबतात. डोमिनिकन प्रजासत्ताकात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'अल्टा ग्रासिया' या कारखान्याने किमान वेतनाच्या तिपटीहून अधिक मजुरी दिली, तीही विद्यापीठांचेच कपडे शिवून. तेव्हा हे अशक्य आहे, ही सबब तरी कोणी पुढे करू नये.