किती सामने खेळलीस गं?

परवा संध्याकाळी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात शेजारची पोर हातात फॉर्म घेऊन दारात उभी. यंदा बारावी झाली. खो-खो खेळते, आणि खांबाला वळसा घालून अशी पळते की बघणाऱ्याची मान दुखावी. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘आजवर खेळलेल्या स्पर्धा व सामने’. म्हणाली, “मावशी, इथे काय लिहू? कोणी मोजलेत का?”

खरंच की! कोणी मोजले होते? सात वर्षं खेळतेय ही मुलगी. घरी सापडली तीन प्रमाणपत्रं. एक पावसाळ्यात भिजून गेलं, एकाला वाळवी लागली. बाकीच्या सामन्यांचा कागद कधी झालाच नाही. तिच्या भावाच्या क्रिकेटच्या ट्रॉफ्या मात्र टीव्हीच्या वर ओळीनं मांडलेल्या, रोज फडकं मारलेल्या!

त्या रात्री मी आकड्यांच्या मागे लागले. मैत्रिणींनो, मिताली राज तुम्हाला ठाऊक आहे. १९९९ साली पहिल्याच एकदिवसीय सामन्यात तिनं नाबाद शतक ठोकलं आणि २०२२ पर्यंत ती खेळत राहिली. एकदिवसीय सामने २३२. ऐकून ऊर भरून येतो. आता कसोटी सामने बघा : बारा. तेवीस वर्षांत बारा! आपल्या सचिननं चोवीस वर्षांत दोनशे कसोटी खेळल्या. सचिनशी तुलना नको, असं कोणी म्हणेल. मी दोघांच्या गुणांची तुलना करतच नाहीये. दोघांसाठी मैदान किती वेळा उघडलं, एवढंच विचारतेय. नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१, जवळजवळ साडेसहा वर्षं, आपल्या मुलींना एकही कसोटी मिळाली नाही. खेळायची तयारी असून नाही. या वयातली साडेसहा वर्षं म्हणजे काय, ते लग्न आणि बाळंतपणं झालेल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

त्याच्या मागे गेलात तर मुंबईच्या डायना एदलजी भेटतात. भारतीय महिलांची पहिली कसोटी १९७६ साली बंगळुरात वेस्ट इंडिजविरुद्ध झाली, त्या संघात त्या होत्या. १९९१ पर्यंत त्यांनी वीस कसोटी खेळल्या. वीस म्हणजे थोड्या वाटतात ना? पण त्या पंधरा वर्षांत भारताच्या महिला संघाला मिळाल्याच एकवीस. मधे १९७७ ते १९८४ अशी सात वर्षं कोरडी. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णींच्या नावावर एकोणीस. म्हणजे या बायका जवळपास प्रत्येक संधीला हजर होत्या, संधीच हजर नव्हती. प्रवास रेल्वेच्या रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यातून, मुक्काम मिळेल त्या हॉलमध्ये. एदलजी पश्चिम रेल्वेत नोकरीला होत्या. (आपल्या डहाणू रोडवर थांबते तीच ही पश्चिम रेल्वे!) खेळणाऱ्या इतर मुलींनाही रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. मला विचाराल तर त्यांच्या त्रेसष्ट बळींइतकंच हे काम मोठं. पगार चालू असला की घरचेही खेळायला पाठवतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे, अंडाकृती चेंडूचा. पुरुषांची लीग १८९७ पासून चालू आहे आणि तिथे एका खेळाडूनं २०१६ पर्यंत ४३२ सामने खेळले. बायकांची राष्ट्रीय लीग सुरू झाली थेट २०१७ साली. आठ संघ, आणि पहिल्या हंगामात साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला सात सामने. अशा हिशेबानं शंभरी गाठायला किती वर्षं लागावीत, तुम्हीच बोटं मोजा. तरी तिथल्या बायका एकेक सामना लिहून ठेवतात, हे मला फार आवडलं.

आता आपल्याकडे चित्र पालटलंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२२ पासून बोर्ड मुलींना मुलांइतकीच मॅच फी देतं. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा आमच्या कासा नाक्यावरही फटाके वाजले. सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव आता लहान पोरीही घेतात. पण नवी मुंबईचं ते स्टेडियम आणि आमच्या इथलं मैदान यांच्यात नुसता हायवे नाही, बरंच काही आहे. सूर्या नदीच्या पलीकडच्या पाड्यांवरून पोरी चालत येतात. स्पर्धा उशिरा संपली की शेवटची जीप चुकते, आणि एकदा जीप चुकली की पुढच्या वर्षी आईच म्हणते, “राहू दे आता.” सामन्यांची संख्या इथे कापली जाते.

तालुक्याच्या स्पर्धेत एका सामन्यात हरलं की वर्षाचा खेळ संपला, ही पद्धत मुलींच्या बाबतीत तरी बदलायला हवी. चार गावांच्या शाळांनी मिळून हिवाळ्यात साखळी सामने घेतले तर खर्च तो काय, चुना, दोन खांब आणि परतीच्या गाडीचं भाडं. ते भाडं ग्रामपंचायतीकडे मागायला आपण बायकांनी लाजू नये. आणि प्रत्येक सामन्याची नोंद एका रजिस्टरमध्ये सही-शिक्क्यानिशी हवी. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते कागदावर मिळतं, पायांच्या वेगावर नाही.

असो. त्या रात्री आम्ही दोघी चुलीजवळ बसून आठवत गेलो. महालक्ष्मीच्या यात्रेच्या आदल्या आठवड्यातला सामना, डहाणूचा, तलासरीचे दोन, पालघरला उपांत्य फेरीत हरलो तो. तिची आई आधी गप्प होती. मग भांडी घासता घासता म्हणाली, “आणि तुला ताप होता, तरी गेलीस तो?” तोही धरला. एकूण सत्तेचाळीस भरले. फॉर्मवर पुरावा जोडता येईल असे तीनच लिहिले. बाकीचे चव्वेचाळीस मी दोनशे पानी वहीत तारीख आठवेल तशी घालून उतरवलेत, आणि वही तिच्या आईकडे दिलीय.