न मागता जाणारी वर्गणी



सध्या वस्तीत कोणाच्याही घरी जा, टी.व्ही. बंद असतो आणि चार माणसे चार कोपऱ्यांत आपापल्या मोबाइलवर वेगवेगळे काही बघत असतात. मुले याला ओटीटी म्हणतात. अँटेना नको, केबलवाला नको; इंटरनेटवरून सिनेमा थेट हातात. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आले तेव्हा महिन्याला किमान पाचशे रुपये लागत, म्हणून आपल्या घरांत ते कोणी विचारले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलपुरता दर १४९ रुपयांवर उतरला. मधल्या टाळेबंदीत थिएटरे बंद होती, तेव्हा हे वेड घराघरांत शिरले.

चाळीत वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणायचा आणि रात्रभर तीन-तीन सिनेमे बघायचे, हे आमच्या पिढीला आठवत असेल. सिनेमे काही फार थोर नसत. पण आजीपासून नातवापर्यंत सगळे एकच बघत, आणि सकाळी नळावर त्याचीच चर्चा होई.

तरीही आम्ही या नव्या माध्यमाला नावे ठेवणार नाही. 'जय भीम' हा तमिळ सिनेमा २ नोव्हेंबर २०२१ रोजी थिएटरात न लागता थेट प्राइम व्हिडिओवर आला. पुढे न्यायमूर्ती झालेले के. चंद्रू वकील असताना त्यांनी लढवलेल्या, १९९३ मधल्या कोठडीतील मृत्यूच्या खटल्यावर तो आधारलेला आहे. तो हिंदीतही आला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच प्राइमवर 'मेड इन हेवन' या मालिकेचा दुसरा हंगाम आला. त्यातला एक भाग नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केला आहे. राधिका आपटे यांनी त्यात पल्लवी मेणके ही शिकलेली, पुस्तक लिहिणारी वधू उभी केली आहे. सासरच्यांची कुरकुर असूनही ती बौद्ध पद्धतीच्या लग्नाचा हट्ट सोडत नाही. पांढरी साडी नेसलेली वधू, बाबासाहेबांचा फोटो, हे आपल्याला रोजचे. पण हिंदी पडद्यावर असे लग्न आम्ही कधी पाहिले होते? आठवत नाही.

अडचण अशी की आपले हे लग्न बघायला वर्गणी भरावी लागते. शिवाय ही मालिका प्रौढांसाठी आहे, मुलांना घेऊन बसता येत नाही. 'जय भीम'मधली मारहाणही लहानांना सोसणारी नाही. मोठ्यांनी मात्र दोन्ही पाहावे, आणि एकेकट्याने नव्हे. एका घरी वर्गणी असेल तर शेजारच्या दोघी-तिघींना बोलवावे.

आता पैशाचे. जयंतीची वर्गणी मागायला मुले दारात आली की आपण दहा प्रश्न विचारतो. ही वर्गणी मात्र खात्यातून गुपचूप जाते. एखादा सामना किंवा सिनेमा बघायला मुलगा ऑटोपेला होकार देतो आणि विसरतो. धुणीभांडी करून जमवलेल्या पैशातून दर महिन्याला दीडशे-दोनशे गळत राहतात. मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे हप्ता थांबला, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथे जाऊन तो रद्द करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून असा हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी संदेश आला पाहिजे. बायांनो, तो संदेश जाहिरात समजून पुसू नका.

मुलांसाठीही कायद्याने एक सोय केली आहे. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर वयाची खूण असते: सर्वांसाठी, सात, तेरा, सोळा वर्षांवरील आणि प्रौढ. तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय कंपनीने द्यायलाच हवी. ते कुलूप पिनचे असते, अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सापडते. तो पिन मात्र मुलाकडूनच बसवून घेऊ नका.