गल्फवरून कायमचे आलात? दुखणं येण्याआधी रेशनकार्डात नाव बघा

आमच्या शेजारच्या वाडीतला एक जण बावीस वर्षं कुवेतला वेल्डिंग करून गेल्या वर्षी कायमचा गावी आला. घर बांधून झालेलं, पोरीचं लग्न झालेलं. ऐन लावणीत छातीत दुखलं. तालुक्यातून पुढे पाठवलं, तिथे अँजिओप्लास्टी सांगितली. योजनेत बसेल म्हणून कागद काढले, तर रेशनकार्डावर ह्याचं नावच नाही. ई-केवायसी चालू होती तेव्हा हा तिकडे, म्हणून नाव कमी झालेलं. आधारला जोडलेलं सिम कधीच बंद, ओटीपी येईना. कागद जुळवत बसायला वेळ नव्हता. शेवटी बायकोचे दागिने पतसंस्थेत ठेवले, तेव्हा काम झालं.

दापोली, मंडणगड, खेड पट्ट्यात अशी घरं कमी नाहीत. तिकडे कंपनीचा विमा असतो, पण नोकरी सुटली, व्हिसा रद्द झाला की तोही गेला. प्रवासी भारतीय बिमा योजनासुद्धा परदेशातल्या नोकरीपुरतीच. माणूस घरी येतो तो साखर-बीपी घेऊन, आणि इथल्या यादीत तो नसतो.

इकडे सोय नाही असं नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर-बीपीची तपासणी होते, गोळ्या मिळतात. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. 2023 च्या शासन निर्णयानं पांढरं कार्डवालेही त्यात आले. सत्तरीच्या पुढच्यांना 2024 पासून आधारवर आयुष्मान कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही.

मग अडतं कुठे? योजना माणसाला कागदावरून ओळखते. बावीस वर्षं घर ज्यानं चालवलं, तोच कागदावर घरातला नाही. आशाताई घरोघरी फिरतात, त्यांच्या वहीत 'परदेशातून परतले' असा एक रकाना टाकला आणि ग्रामपंचायतीनं दाखल्यांचं शिबिर लावलं तर खर्च किती येणार?

ते होईपर्यंत आपलं आपण बघावं. आल्या-आल्या पहिल्या महिन्यात आधार केंद्रावर जाऊन चालू मोबाईल नंबर जोडा. रेशनकार्डात नाव आहे का बघा, नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, ई-केवायसी करा. मग आयुष्मान कार्ड काढा. तिकडचे रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी फेकू नका, इथल्या डॉक्टरला दाखवा. योजनेत कोणतं रुग्णालय आहे ते 155388 वर फुकट विचारता येतं. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरण्याआधी त्याला गाठा.

घरातलं कोणी अजून तिकडेच असेल तर सुट्टीवर येईल तेव्हाच ही कामं उरकून घ्या. लग्नाची यादी करतो तशी ह्याचीपण करावी.