कसर वासाने मरत नाही

बैसाखी उलटली की चंदीगडच्या घराघरांत हिवाळा आवरला जातो. स्वेटर, लुधियानाची ब्लँकेटे, काश्मिरी फेरीवाल्याकडून घेतलेली पश्मीना शाल असे सगळे ट्रंकेत किंवा पलंगाखालच्या बॉक्समध्ये जाते आणि प्रत्येक घडीत डांबरगोळ्या पडतात. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत बदलून आलेल्या मराठी कुटुंबालाही शेजारून हाच सल्ला मिळतो: गोळ्या टाका, नाहीतर कसर लागेल.

हा सल्ला सोडून देण्याची वेळ आली आहे.

डांबरगोळीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. तिच्यातल्या नॅप्थॅलीनची वाफ पुरेशी दाट झाली तर कसरीची अळी मरते. पण वाफ दाट व्हायची तर पेटी हवाबंद हवी. कपाटाच्या दाराला फट असली की वाफ खोलीत पसरते. अळी जगते आणि तो वास घरातली माणसे हुंगत राहतात. पेटी खरोखर हवाबंद असेल, तर तीच वाफ सहा महिने लोकरीत मुरते आणि दिवाळीनंतर अंगावर चढते. म्हणजे गोळी एकतर निकामी ठरते, नाहीतर माणसाला बाधते.

ही बाधा काल्पनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2002 मध्ये नॅप्थॅलीनला ‘मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या गटात घातले. युरोपीय संघाने 2008 मध्ये या गोळ्यांवर बंदी आणली. सर्वांत मोठा धोका मात्र तान्ह्या बाळांना आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता भारतातल्या अनेक समाजांत आढळते. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या शालीत गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ‘आमच्या घरात वर्षानुवर्षे वापरतो, कुणाला काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथेच कोसळतो. ही कमतरता एरवी बाहेरून दिसत नाही. बाळ त्या शालीत जाईपर्यंत घराला तिचा पत्ताही नसतो.

दुसरा पक्ष म्हणतो, मग कडुनिंबाचा पाला, वेखंड, कापूर, लवंगा किंवा लॅव्हेंडरची पुरचुंडी ठेवा. हेतू चांगला आहे, भरवसा मात्र चुकीचा. उग्र वासाने कसरीचा एखादा पतंग कपड्यापासून दूर राहीलही, पण घडीत आधीच घातलेली अंडी आणि लोकरीत दडलेली अळी त्याने मरत नाही. पाला वाळला की तो परिणामही सरतो. कापूर तर निरुपद्रवीसुद्धा नाही. लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात.

दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही वासावर विसंबतात आणि किड्याच्या जगण्याकडे पाहत नाहीत.

कपाटातून भुर्रकन उडणारा सोनेरी पतंग काहीच खात नाही. त्याचे तोंड खाण्याजोगे नसते. खाते ती अळी, आणि तिला हवे असते केराटिन: लोकर, पश्मीना, पिसे, केस. रेशमालाही ती भोके पाडते. सुती कापडावर तिचे पोट भरत नाही, त्यामुळे कापसाच्या रजईत गोळ्या टाकणे निव्वळ वाया जाते. पारंपरिक फुलकारीची मात्र काळजी घ्यावी लागते, कारण तिचे खद्दर सुती असले तरी भरतकाम रेशमाचे असते. अळीला अंधार आणि शांतता लागते, आणि घाम, तेल, अन्नाचे डाग लागलेले कापड तिला विशेष मानवते. न धुता घडी घातलेला स्वेटर, बंद बॉक्स आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा एकत्र आली की तिला सगळे मिळते.

म्हणून खरा उपाय धुण्यापासून सुरू होतो. कपडा ठेवण्याआधी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावा. शिवणी, कॉलर आणि खिसे ब्रशने झटकावेत. अंडी आणि लहान अळ्या त्यानेच गळून पडतात. बॉक्सचे कोपरे आणि फटी व्हॅक्यूम क्लीनरने साफ कराव्यात, कारण साचलेल्या केसांवर आणि धुळीवरही अळी पोसते.

चंदीगडचा उन्हाळा इथे मदतीला येतो. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. स्वेटर आणि ब्लँकेटे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ थराने भरून दुपारभर गच्चीवर ठेवली, तर आतले तापमान 50 अंशांच्या वर जाऊ शकते, आणि तिथे काही तासांत अंडीही मरतात. मधल्या घडीत थर्मामीटर ठेवून खात्री करून घ्यावी. रेशमाला आणि पैठणीला ऊन दाखवू नये, रंग उडतो.

पश्मीनासाठी थंडी बरी. शाल पिशवीत हवा काढून बंद करावी आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये 2 आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, म्हणजे कापडावर पाणी धरत नाही. जगभरची वस्तुसंग्रहालये मौल्यवान वस्त्रे अशाच गोठवणीने वाचवतात.

यानंतर कपडे झिपच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. नव्या पतंगाला आत वाट उरत नाही.

यात कष्ट आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण ते वर्षातून एकदा पडतात. त्यात फक्त एक तपासणी वाढवावी: पाऊस ओसरताच सप्टेंबरात डबे उघडून घड्या उलगडाव्यात. कुठे रेशमी जाळे किंवा तांदळाएवढी पांढरी अळी दिसली, तर तो एक कपडा लगेच वेगळ्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाकावा आणि उरलेल्यांच्या शिवणी पुन्हा झटकाव्यात.