तीन आण्यांचा हिशेब आणि श्रोत्यांचे मन

समाजवादी कार्यकर्त्यांच्या भाषणांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते : मुद्दे बिनतोड असतात, पण सभा थंड राहते. त्यावर दोन उपाय सुचविले जातात. कोणी म्हणतो, आकडे बाजूला ठेवा आणि भावनेला हात घाला. कोणी म्हणतो, भावना हे जमातवाद्यांचे हत्यार आहे. आपण युक्तिवादच करीत राहावे. विचार आणि भावना एकमेकांच्या वैरी आहेत, ही दोन्ही सल्ल्यांमागील समजूत चुकीची आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात मन वळविण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांची मनःस्थिती आणि युक्तिवाद. राग हा त्याच्या मते निव्वळ आंधळा आवेग नव्हे; आपली अकारण अवहेलना झाली, ह्या जाणिवेतून तो उपजतो. म्हणजेच रागाच्या पोटी एक निवाडा असतो. तो खरा की खोटा, हे तपासता येते. वक्त्याची नीती नेमकी येथेच ठरते.

ह्याचे उत्तम उदाहरण समाजवादी चळवळीच्याच इतिहासात आहे. १९६३ साली फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून डॉ. राममनोहर लोहिया लोकसभेत आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अविश्वासाच्या ठरावावर बोलताना, देशातील २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सांगितले. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला, तर गुलझारीलाल नंदा यांनी साडेसात आण्यांचा हिशेब मांडला. दशमान नाणी १९५७ सालीच आली होती. तरी बाजारातला माणूस अजून आण्यांतच मोजत होता. लोहियांनी त्याच्याच नाण्यात राष्ट्रीय उत्पन्न मोजले. शिवाय त्यांनी त्याशेजारी पंतप्रधानांवर रोज होणारा २५ हजार रुपयांचा खर्च ठेवला. दारिद्र्य नशिबाचे मानले तर माणूस खिन्न होतो. ते विषमतेशेजारी दिसले की त्याला अपमान कळतो.

तीन आण्यांच्या अचूकतेवर वाद झाला आणि तो होणे रास्तच होते. पुण्याच्या गोखले संस्थेतील दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली १९६०-६१च्या किमतींनुसार ग्रामीण माणसाची किमान गरज वर्षाला १८० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे आठ आणे धरली. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के लोक तेथवरही पोचत नव्हते. ह्याने तीन आणे सिद्ध होत नाहीत. पण पंधरा आण्यांच्या सरासरीआड काय दडले होते, ते उघड होते.

आजच्या कार्यकर्त्यापुढेही असाच एक आकडा आहे. सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. ‘रेवड्या’ म्हणून ह्याची टिंगल करणारा वक्ता श्रोत्यांना दुखावतो. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला त्या धान्याचे मोल त्याच्याहून अधिक ठाऊक असते. तिच्या दिलाशाचा मान राखूनच पुढे बोलावे लागेल. पाच किलो म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम. हे धान्य कोणा नेत्याची मेहेरबानी नसून २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. मोफतपणा तेवढा नंतरचा. आणि एवढ्या मोठ्या समाजाला फुकट धान्य द्यावे लागत असेल, तर त्याच्या मजुरीचे काय झाले, हा प्रश्न सरकारने टाळता कामा नये. कृतज्ञतेकडून हक्काकडे आणि हक्काकडून मजुरीकडे श्रोत्यांना नेणे, हेच येथे वक्त्याचे काम होय.

द्वेषाचा प्रचारकही भावना ओळखतो. परंतु त्याचा निवाडा खोटा असतो आणि तपासणीची त्याला भीती वाटते. समाजवादी वक्त्याने श्रोत्यांच्या हाती असा हिशेब द्यावा, की तो त्यांना घरी जाऊन स्वतः पडताळता येईल. तो खरा ठरला, तर सभेत चेतलेला राग सभा संपल्यावर विझत नाही. त्यातून संघटना उभी राहू शकते.