जुन्या वाड्यात मुक्काम, आणि ताटात पनीर?

मंडळी, जुन्या वास्तूत हॉटेल काढले की आपल्याकडे लगेच ओरड होते, "वारसा विकला!" मला ही ओरड पटत नाही. रिकामी वास्तू कोणी जपत नाही. आधी कौले जातात, मग भिंतीत पिंपळ उगवतो, मग लोक दगड उचलून नेतात. पुण्याजवळची जाधवगढी बघा. शाहू महाराजांचे सरदार पिलाजी जाधवराव यांनी ती १७१० मध्ये बांधली. आज तिथे हॉटेल आहे, पोहण्याचा तलावसुद्धा आहे. माणसे राहतात म्हणून वास्तूची निगा राहते.

पण म्हणून सगळेच भाड्याने द्यायचे का? अजिबात नाही. गढी म्हणजे सरदाराचे राहते घर. त्यात पाहुणे उतरले तर काही बिघडत नाही. गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोल किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला होता. तोच किल्ला पुढे अनेक वर्षे हॉटेल होता! अशी जागा सगळ्यांची असते, तिथे खोलीचे भाडे कसले लावता? सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या राज्यातले २५ किल्ले हॉटेलांसाठी देण्याची बातमी आली, तेव्हा लोक चिडले ते योग्यच होते. सरकारला खुलासा करावा लागला. पण चिडलेल्यांपैकी किती जण नंतर झाडू घेऊन गडावर गेले, हेही विचारायला हवे.

आता आपल्या भंडारा जिल्ह्याचे बघू. तुमसर तालुक्यातला अंबागड सन १७०० च्या सुमारास बांधलेला. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडले. हे बघायला पाहुणा येतो आणि संध्याकाळी मुक्कामाला नागपूर गाठतो. त्याच्याबरोबर त्याचे पैसेही जातात. इकडे गावातले जुने वाडे भाऊबंदकीत गळत पडले आहेत. गडाला हात लावू नका, पण पायथ्याच्या गावातला एखादा वाडा नीट करा ना! दहा खोल्या, गरम पाणी, कमोड, जिन्याला कठडा. माझ्या वयाच्या माणसाला एवढीच आधुनिक सोय लागते. अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधल्या त्या वाटसरूच्या सोयीसाठीच. सोय म्हणजे काही पाप नव्हे.

आणि जेवण? शंभर वर्षांच्या ओसरीवर बसवून पनीर बटर मसाला वाढणार असाल, तर तुमचा वारसा चुन्या-मातीपुरताच. आपल्या तांदळाचा भात, पाटवडीचा रस्सा, तळ्यातले झिंगे, हिवाळ्यात लाखोरीची भाजी, आणि तेही भंडाऱ्याच्या पितळी ताटात. ते रांधायला गावातल्याच बायका लावा, बाहेरचा आचारी नको.

पुतण्या म्हणतो, "काकू, शहरातल्या पाहुण्यांना हे चालणार नाही." का चालणार नाही? राजस्थानात जाऊन आपण हौसेने दालबाटी खातोच की!

माझी एक अट मात्र आहे. त्या वाड्याचे अंगण गावच्या शाळेतल्या पोरांना तिकिटाशिवाय उघडे हवे. ज्या गावाचा वारसा म्हणून पाहुण्याकडून पैसे घेणार, त्याच गावाच्या पोरांना फाटकाबाहेर उभे केले, तर "वारसा विकला" म्हणून ओरडणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे असेन.

असो. ज्यांचे वाडे गावाकडे कुलपात आहेत अशा नातेवाइकांनी मनावर घ्यावे. कुलूप लावून वाडा टिकत नाही.