‘पाठीत इंजेक्शन’ म्हणजे नेमकं कोणतं?

पुण्यात कुणी कंबर धरली की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘गादी सरकली असेल’, ‘मणक्यात गॅप पडला असेल’ हे निदान सोसायटीच्या पार्किंगमध्येच होतं. पूर्वी उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेत. आता त्या जागी ‘एक इंजेक्शन घे, मोकळा होशील’ आलं आहे.

घोळ इथेच सुरू होतो. हा एकच शब्द चार-पाच निराळ्या उपचारांसाठी वापरला जातो.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेखाली टोचतात ते बहुधा डायक्लोफेनॅक. त्याचा असर काही तासांचा. स्नायूतली दुखरी गाठ हेरून देतात ते ट्रिगर पॉइंट इंजेक्शन. मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे, म्हणजे फॅसेट जॉइंट, त्यांच्या नसा बधिर करणारा ब्लॉक तर मुळात तपासणीसाठी असतो: तेवढ्या वेळापुरतं दुखणं थांबलं, तर त्याचा उगम सापडला. आणि ज्याचा बोलबाला सर्वांत जास्त, ते एपिड्यूरल. दबलेल्या शिरेभोवतीची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध सोडायचं. माकडहाडाकडून, दोन मणक्यांच्या मधून किंवा शिरेच्या मुळाशी. ही वाट जुनी आहे. पॅरिसमध्ये सिकार आणि कातलाँ यांनी 1901 मध्ये माकडहाडाकडून कोकेन टोचून सायटिकावर इलाज करून पाहिला होता.

मग गुण कुणाला येतो? ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 मध्ये साध्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नये, असं स्पष्ट सांगितलं. कळ पायात उतरते अशा ताज्या, तीव्र सायटिकासाठी मात्र एपिड्यूरलचा विचार करायला तिने मोकळीक ठेवली. मणक्याची नळी अरुंद झालेल्या 400 रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2014 मध्ये आले: सहा आठवड्यांनी, नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा स्टेरॉइडने फारसं जास्त काही साधलं नव्हतं. तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या दुखण्यासाठी तर ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2025 च्या मार्गदर्शिकेने यातल्या बहुतेक इंजेक्शनांविरुद्धच कौल दिला.

उलट बाजूला, इंजेक्शनाशिवायच्या इलाजाचं, पुण्याचंच एक उदाहरण आहे. मॉडेल कॉलनीतल्या संस्थेतून जगभर गेलेली अय्यंगार योगपद्धत अमेरिकेत जुन्या कंबरदुखीच्या 90 रुग्णांवर तपासली गेली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात योग करणाऱ्या गटाचं दुखणं आणि अडलेपण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झालं. त्यासाठी 24 आठवडे घाम गाळावा लागला, हेही खरं.

म्हणून इंजेक्शन वाईट ठरत नाही. रात्र रात्र पाय धरून बसणाऱ्याला चार आठवडे उसंत मिळाली, तर तो व्यायामाला उभा राहू शकतो. पण मधुमेह्याची साखर स्टेरॉइडने काही दिवस चढते, हे त्याला आधी सांगायला हवं. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर इंजेक्शनची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठायची, हेही.

शहरातल्या रुग्णालयांनी एवढं तरी करावं: कोणतं औषध, किती, कोणत्या मणक्यापाशी, कशासाठी आणि आराम साधारण किती दिवसांचा, हे संमतिपत्रावर आणि डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावं. नाहीतर पुढच्या डॉक्टरने विचारल्यावर पेशंटकडे उत्तर एकच असतं: ‘मागे एकदा पाठीत घेतलं होतं.’